तीस हजारांत कुठलं कार्ड घेऊ?

परीक्षा संपत आल्या की माझ्या टेबलावर ग्राफिक्स कार्डाच्या पत्रांचा ढीग लागतो. या वेळचा ढीग वाचताना एक गोष्ट ठळक दिसली. कार्डांची नावं चार-चार, दुकानदारानं सांगितलेला भाव रुपया-पैशासकट, पण मॉनिटर कुठला आणि पॉवर सप्लाय कुठला हे कुणी लिहीतच नाही. एका मुलानं मात्र लिहिलंय, म्हणून त्याचं पत्र पहिलं घेतलं आणि त्यालाच सगळ्यांत लांब उत्तर दिलं. बाकीच्यांनी रागवू नये. पत्रांतले भाव वाचकांनी कळवलेले आहेत. मेमरी चिप्स महागल्या की कार्डंही महागतात, त्यामुळं अंक हातात पडेपर्यंत आकडे हललेले असतील. आकड्यांपेक्षा हिशोबाची रीत लक्षात ठेवा.

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापूरला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीसी २०२१ च्या अखेरीस घेतलेला. रायझन ५ ५६००जी, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, मॉनिटर २२ इंची फुल एचडी, ७५ हर्ट्‌झ. सप्लाय कॅबिनेटबरोबर आलेला, त्यावर ४५० वॉट लिहिलंय. बजेट तीस हजार. दुकानात तीन भाव मिळाले : आरटीएक्स ५०६० (८ जीबी) ३१ हजार, इंटेल आर्क बी५८० (१२ जीबी) २६ हजार, आरएक्स ६६०० (८ जीबी) २१ हजार. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि अधूनमधून एखादी नवी जड गेम खेळतो. मित्र म्हणतात, हजार रुपये घाल आणि ५०६० च घे.

उत्तर : आरएक्स ६६०० घे, आणि उरलेल्या पैशांतून त्याच दिवशी नवा पॉवर सप्लाय घे. मित्रांना राग येईल, येऊ दे.

आता कारणं. आधी मित्रांची बाजू घेते, कारण ती खोटी नाही. ५०६० हे मे २०२५ मध्ये आलेलं कार्ड, ६६०० ऑक्टोबर २०२१ चं. फुल एचडीवर ५०६० साधारण दीडपट वेगवान आहे आणि भावही जवळजवळ दीडपटच आहे. म्हणजे रुपयामागं मिळणाऱ्या फ्रेम (सेकंदाला निघणारी चित्रं) दोन्हीकडं सारख्याच. नुसत्या कार्डांची तुलना केली तर निकाल बरोबरीचा लागतो. पण कार्ड हवेत चालत नाही, ते तुझ्या डब्यात बसणार आहे. तुझ्या डब्यात तीन गोष्टी ५०६० च्या विरोधात आहेत.

पहिली गोष्ट मॉनिटर. ७५ हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला ७५ चित्रं दाखवतो. कार्डानं १४० काढली तरी तुझ्या डोळ्यांपर्यंत ७५ च पोचतात. व्हॅलोरंट तर ५६००जीच्या आतल्या ग्राफिक्सवरही चालतं, जीटीए ५ पीसीवर २०१५ मध्ये आली. या दोन्हींना ६६०० रग्गड झालं. नव्या जड गेममध्ये ५०६० चा फरक दिसेल, हे कबूल. तिथं ६६०० वर सेटिंग ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’ किंवा ‘मीडियम’वर आणावी लागेल. २२ इंचांवर अल्ट्रा आणि हाय यांतला फरक दोन चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रोसेसर. ५६००जी त्या काळात हजारो घरांत गेला, कारण कार्डांचा तुटवडा होता आणि त्याच्या पोटातच ग्राफिक्स होतं. पण त्याची दोन दुखणी आहेत आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. एक, त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) ५६००एक्सच्या निम्मा आहे : १६ एमबी, तिकडं ३२. दोन, तो कार्डाशी पीसीआयई ३.० नंच बोलतो, म्हणजे कार्डापर्यंतच्या रस्त्याच्या जुन्या पिढीनं. तुझा बी४५० ही ३.० चाच, म्हणजे मदरबोर्ड बदलूनही प्रोसेसर तोच ठेवलास तर उपयोग नाही. यूट्यूबवर कार्डांच्या चाचण्यांचे जे उंच उंच खांब दिसतात ते बाजारातला सगळ्यांत वेगवान गेमिंग प्रोसेसर लावून काढलेले असतात. चाचणी कार्डाची आहे, तेव्हा प्रोसेसर मधे येऊ नये म्हणून. ती रीत बरोबरच आहे. फक्त ते खांब तुझ्या घरी तेवढे उंच उभे राहणार नाहीत, आणि कार्ड जितकं तगडं तितका घरी येईपर्यंत खांब जास्त खचतो.

पीसीआयईचं जरा सविस्तर सांगते, कारण मध्यम किमतीच्या कार्डांत खरी मेख इथंच आहे. ५०६० आणि ६६०० दोन्हींना स्लॉट लांबलचक लागतो, पण आत जोडलेल्या लेन आठच. ३.० वर आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात, ४.० वर १६. ६६०० ची स्वतःची मेमरी २२४ जीबी सेकंदाला वाहते. जोवर गेमचा सगळा माल कार्डाच्या ८ जीबीत मावतो तोवर तुला काही कळणारही नाही. मावला नाही की उरलेला रॅममध्ये ठेवावा लागतो आणि दर वेळी त्या आठ लेनमधून आणावा लागतो. उसाचे ट्रक हायवेनं आले आणि पुढं गावातल्या बोळात शिरले, तसं होतं. गेम मधेच अडखळते, सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) चांगला दिसतो आणि हाताला मात्र झटके जाणवतात. म्हणून चाचणी बघताना सरासरीपेक्षा ‘वन पर्सेंट लो’ची, म्हणजे सगळ्यांत संथ एक टक्का फ्रेमच्या वेगाची ओळ बघ. ६६०० वर तू सेटिंग मुळातच आवरती ठेवशील, माल ८ जीबीत राहील. ५०६० घेणारा अल्ट्रा लावायलाच घेतो, आणि ८ जीबी तिथंच अपुरे पडतात.

मग १२ जीबीचं आर्क बी५८० का नको? कार्ड वाईट नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलं तेव्हा अमेरिकेत २४९ डॉलरला १२ जीबी दुसरं कुणी देत नव्हतं. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून फार काम करवून घेतो. ५६०० च्या वर्गातल्या प्रोसेसरवर ते मागं पडतं हे चाचण्यांत दिसून आलंय, आणि तुझा ५६००जी त्याहूनही हलका. शिवाय त्याला बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, रिसायझेबल बार चालू लागतं; त्यानं प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसते. तुझ्या बोर्डाला बायोस अपडेट करून ते मिळेल, पण नसेल तर हे कार्ड लंगडतं. इंटेल बारावी पिढी किंवा रायझन ७००० वाल्यांनी बी५८० चा जरूर विचार करावा.

तिसरी आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी गोष्ट : तो ४५० वॉट लिहिलेला सप्लाय. आज संध्याकाळी कॅबिनेटचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढ आणि सप्लायवरचं लेबल वाच. तिथं एक तक्ता असतो. त्यात +१२व्ही या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलंय ते बघ. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या सप्लायवर तिथं १६ किंवा १८ असं काहीतरी असतं. बाराला सोळानं गुण : १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही या बारा व्होल्टवरच जगतात. बाकीचे अडीचशे वॉट ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट अशा रकान्यांत कागदावर वाटलेले असतात, तिथं त्यांना कुणी विचारत नाही. आता इकडं बघ : ६६०० ला १३२ वॉट, ५०६० ला १४५, तुझ्या प्रोसेसरला ताणात ८८ पर्यंत, वर पंखे, डिस्क. १९२ मध्ये कुठून बसणार?

त्या सप्लायला आठ पिनची वायरही नसेल. मग दुकानदार डिस्कच्या चार पिनी जोडून आठ पिनी करणारी छोटी वायर काढून देतो, ‘चालतंय की’ म्हणतो. नको म्हण. त्या वायरीचा पांढरा प्लॅस्टिक जोड पिवळा पडून वितळलेला मी पुष्कळदा पाहिलाय, आणि तो वितळतो तेव्हा आपण बहुधा घरात झोपलेले असतो. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा, नावाजलेल्या कंपनीचा सप्लाय घे. त्याच्या +१२व्ही खाली ४०-४५ अँपिअर लिहिलेले सापडतील. साडेचार-पाच हजारांत येतो आणि पुढची दोन कार्डं त्यावर निघतात.

हिशोब : २१ अधिक ५, झाले २६ हजार. चार हजार वाचले, ते बाजूला टाक. नोकरी लागली की त्यात भर घालून १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घे, मग प्रोसेसर, आणि त्यानंतर कार्डाचं बघू. मॉनिटर-प्रोसेसर याच दिवाळीला बदलणार असशील तर मात्र माझं उत्तर बदलतं. मग थोडं थांब आणि १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी बघ. त्याला लेन सोळा आहेत, जुन्या बोर्डावरही घुसमट कमी.

अजून एक. एकाच चिपची कार्डं पाच कंपन्या पाच भावांत विकतात. तीन पंखे, रंगीत दिवे, नावापुढं ‘ओसी’ (कारखान्यातच थोडा वाढवलेला वेग). त्यानं वेग दोन-तीन टक्क्यांपलीकडं वाढत नाही. तीन हजार जास्त देऊन दिवे घेऊ नको. दोन पंख्यांचं साधं घे, एक पंख्याचं मात्र आपल्या उन्हाळ्यात नको.

प्रश्न : आमच्या घरातच यंत्रमाग आहेत, टॉवेलचं काम चालतं. वरच्या खोलीत मुलाचा पीसी आहे. कार्ड जीटीएक्स १६६० सुपर. एप्रिलपासून गेम सुरू केली की पंखे विमानासारखे ओरडतात आणि अर्ध्या तासात पीसी बंद पडतो. तापमान ९० च्या वर दाखवतंय. मुलगा म्हणतो कार्ड गेलं, नवं घ्या. खरंच गेलं का?

उत्तर : गेलेलं नाही. तुमच्या पहिल्याच वाक्यात रोगाचं निदान आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातून माझ्याकडं आलेलं असंच एक कार्ड सांगते. वरून फडक्यानं पुसलेलं, चकचकीत. मागचे चार स्क्रू काढले, पंख्यांचं झाकण उचललं, तर पंखे आणि ॲल्युमिनियमच्या पात्या यांच्यामध्ये रुईचा अख्खा नमदा बसलेला. चिमट्यानं एक कोपरा धरला तर सगळा एका तुकड्यात निघून आला. गुलाबी आणि फिरोजी धागे वेगवेगळे ओळखू येत होते, त्या महिन्यात कुठल्या रंगाचे टॉवेल निघाले ते सांगता आलं असतं. पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा त्या नमद्याला थडकून परत येत होती. पात्या ब्रशनं साफ केल्या, चिपची उष्णता पात्यांकडं नेणारी, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. नव्वदीतलं तापमान सत्तरीत आलं. खर्च एका हॉटेलच्या जेवणाइतका.

तुमचं कार्ड वॉरंटीच्या बाहेर असणार, १६६० सुपर २०१९ चं आहे. त्यामुळं उघडायला हरकत नाही. वॉरंटी असती तर स्क्रूवरचं स्टिकर फाडण्याआधी कंपनीला विचारा म्हटलं असतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर हवेच्या जोरावर पंखा गरगर फिरून त्याचं बेअरिंग जातं. ओलं फडकं अजिबात नाही. पुढच्या बाजूला जिथून हवा आत ओढली जाते तिथं बारीक नायलॉनची जाळी लावा आणि ती दर रविवारी झटका. पीसी जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, रुई खालीच जास्त असते.

राहिला उन्हाळा. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच वर चढतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता कुठलंही कार्ड सुखानं चालणार नाही, तीस हजारांचं नवं आणलं तरी. त्यावर फुकटचा उपाय आहे. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. त्यात पॉवर लिमिट १०० वरून ८० वर आणा. वेग थोडासाच उतरतो, उष्णता बरीच कमी होते. मुलाला सांगा, नवं कार्ड पुढच्या वर्षी बघू.

प्रश्न : सेकंडहँड घ्यावं का? होटगी रोडच्या एकाकडं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) १५ हजारांना आहे. आणि ऑनलाइन ‘ब्रँड न्यू आरएक्स ५८० ८ जीबी’ आठ हजारांच्या आसपास दिसतंय.

उत्तर : दुसरं आधी निकालात काढते. आरएक्स ५८० एप्रिल २०१७ चं कार्ड. ते आज ‘ब्रँड न्यू’ कुठून येणार? बहुतेक वेळा जुनी चिप काढून नव्या पट्टीवर बसवलेली असते. त्यातही ‘२०४८ एसपी’ नावाची जात आहे. खऱ्या ५८० मध्ये २३०४ छोटे प्रोसेसर (शेडर) असतात, या जातीत २०४८, म्हणजे ते मुळात आरएक्स ५७०. खोक्यावर मात्र ५८० च छापलेलं. आठ हजार वाचवा.

३०६० चा सौदा वाईट नाही. फेब्रुवारी २०२१ चं कार्ड, वेगात ६६०० च्या आसपास, पण मेमरी १२ जीबी आणि लेन सोळा. जुन्या बोर्डावर हे नव्या आठ लेनवाल्यांपेक्षा सरळ वागतं. धोका एवढाच की त्याचं तारुण्य क्रिप्टो कॉइन काढण्यात गेलेलं असू शकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या कॉइनची रीत बदलली, कार्डांनी ते काढणं संपलं आणि रॅकवरची कार्डं पोत्यांनी बाजारात आली. कॉइन काढलं म्हणून चिप मरत नाही. थकतात ते पंखे आणि मेमरीवरच्या थर्मल पट्ट्या. कार्ड उजेडात आडवं धरा. कडेला तेलकट ओघळ दिसले तर त्या पट्ट्या पाझरल्यात. पंखा बोटानं हळूच फिरवा, खरखर नको, डुगडुग नको. स्क्रूच्या खाचा घासलेल्या असतील तर ते उघडलं गेलंय. का उघडलं ते विचारा, पेस्ट बदलली असेल तर चांगलंच.

मग त्याच्याच घरी, त्याच्याच पीसीवर चालवून बघा. जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. ते कार्डाची खरी ओळख दाखवतं, बनावट बायोस घातलेली बरीच कार्डं ते नावापुढं ‘फेक’ लिहून उघडी पाडतं. ३०६० असेल तर ३५८४ शेडर, १९२ बिट, १२ जीबी दिसलं पाहिजे. वीस-पंचवीस मिनिटं जड गेम चालवा, चहा घ्या, पण नजर पडद्यावर. रंगीत ठिपके, चौकोन, एखादी काळी झपकी आली की पैसे खिशात ठेवून उठा. खरेदीचं बिल मागा. बिल नाही, वॉरंटी नाही, तर १५ चे १२ करा. मी तेरापर्यंत गेले असते.

प्रश्न : बार्शीत लग्नाचं फोटो-व्हिडिओचं काम करतो. आय५-१२४००एफ, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६०. नवा कॅमेरा घेतल्यापासून टाइमलाइनवर फोर-के व्हिडिओ अडखळतो. पन्नास हजारांचं कार्ड घ्यायची तयारी आहे.

उत्तर : थांबा, खिशात हात घालू नका. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन बघा, रेकॉर्डिंग ‘४:२:२ १० बिट’वर आहे का? मला वाटतं आहे. नवा कॅमेरा आला की सगळ्यात वरची सेटिंग लावायची आपल्याला सवय. रंगाची जास्त माहिती साठवणारा हा फॉरमॅट उलगडायची सोय ३०६० मध्ये नाही, एनव्हिडियाच्या ४० मालिकेतल्या कुठल्याच कार्डात नाही. म्हणजे पन्नास हजारांचं ४० मालिकेतलं कार्ड आणलं असतं तरी अडखळणं तिथंच राहिलं असतं. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ आहे, म्हणजे त्याच्या आतलं ग्राफिक्स बंद केलेलं. ते चालू असतं तर एच.२६५ चं ४:२:२ त्यानंच उलगडलं असतं.

तीन वाटा आहेत. फुकटची : प्रॉक्सी, म्हणजे व्हिडिओच्या हलक्या नकला, करा. रात्री लावून ठेवा, सकाळी हलक्या फाइलींवर एडिटिंग, शेवटी रेंडर मूळ फाइलींवरून. लग्नसराईत रात्रही रिकामी नसते हे मला माहीत आहे, पण पीसी तर रिकामा असतो. स्वस्तातली : तोच प्रोसेसर ‘एफ’ नसलेला घ्या, जुना विकून टाका. बोर्ड तोच चालेल. अट एवढीच की कॅमेऱ्यात एच.२६५ निवडा, एच.२६४ चं ४:२:२ त्यालाही झेपत नाही. तिसरी वाट ५० मालिकेचं कार्ड. त्यात ४:२:२ ची सोय पहिल्यांदाच आली आणि ती ५०६० मध्येही आहे. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र नव्या आवृत्तीचं हवं. तुमचं काम फोर-के आणि इफेक्टचं असेल तर १६ जीबीचं ५०६० टीआय, त्याहून वर जायचं कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही.

आणि लग्नाच्या चार तासांच्या कच्च्या शूटिंगला ४:२:२ हवंच का, हेही एकदा स्वतःला विचारा. एच.२६५ चं ४:२:० १० बिट तुमच्या आत्ताच्या कार्डावर लोण्यासारखं पळतं.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘एआय’च्या अभ्यासासाठी पंचेचाळीस हजारांचं कार्ड लागतं म्हणतो. खरं बोलतो का हो? – एक आई, पंढरपूर

उत्तर : काकू, अर्धं खरं बोलतो. एआयच्या कामाला एनव्हिडियाचं कार्ड सोयीचं पडतं, कारण बहुतेक साधनं त्यांच्या कुडा या प्रणालीवर लिहिलेली आहेत. मेमरी जितकी जास्त तितकं मोठं मॉडेल घरी चालतं, म्हणून १६ जीबीचं मागत असेल तर त्याला विषय कळतो एवढं नक्की. पण दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला गूगल कोलॅब पुरतं. तिथं ब्राउझरमधून गूगलची कार्डं मर्यादित वेळ फुकट वापरता येतात. त्याला म्हणा, तिथं एक प्रोजेक्ट पूर्ण करून दाखव, ते कार्ड कुठं अपुरं पडलं ते मला समजावून सांग, मग बघू. सांगता आलं तर घेऊन द्या. त्यावर तो गेमही खेळेल. खेळू द्या.

प्रश्न : जॅकार्डच्या चादरींचं डिझाइन संगणकावर करतो. डिझायनर म्हणतो कार्ड टाकलं तर काम पळेल.

उत्तर : नाही पळणार. जॅकार्डचं डिझाइन शेवटी चौकटींचा कागदच, प्रत्येक चौकट म्हणजे ताणा वर की बाणा वर. एवढं काम प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स सहज करतं. जुनी हार्डडिस्क असेल तर एसएसडी टाका, रॅम १६ जीबी करा, आणि उरलेले पैसे रंग बरोबर दाखवणाऱ्या आयपीएस मॉनिटरवर घाला. पडद्यावर मेंदी आणि मागावर पोपटी, ही तक्रार त्यानं कमी होईल.

प्रश्न : जीटीएक्स १०५० टीआय अजून चालवतोय. किती दिवस चालेल?

उत्तर : चिप मरेपर्यंत. पण एनव्हिडियानं त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलंय. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. जुन्या गेम आणि ऑफिसच्या कामाला काही अडचण नाही. बदलायचंच झालं आणि सप्लाय बदलायचा नसला तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० बघा. ७० वॉटवर चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. मात्र ८ जीबीचं ३०५० आणि ६ जीबीचं ३०५० ही एकाच नावाची दोन वेगळी कार्डं आहेत, ६ जीबीचं बरंच मंद. भाव करताना जीबी विचारून घ्या.

प्रश्न : कार्ड इथंच घ्यावं, पुण्याहून आणावं, की ऑनलाइन मागवावं? सिकंदराबादला स्वस्त मिळतं म्हणतात.

उत्तर : दीड-दोन हजारांचा फरक असेल तर इथंच घ्या. त्याहून जास्त असेल तर जिथं पक्कं बिल मिळतं तिथून घ्या, मग ते सिकंदराबादचं सीटीसी हे संगणकाचं मार्केट असो, मुंबईचं लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन. कार्डावर जीएसटी १८ टक्के आहे. ‘बिलाशिवाय इतकं कमी’ म्हणतात तेव्हा तेवढाच पैसा सोडलेला असतो, आणि त्याबरोबर तुमची वॉरंटीही सुटते. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि कार्ड धंद्याच्या कामाचं असेल तर हा कर परत वळताही करता येतो, सीएला विचारा. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी दुकानातच जुळवून बघा. वॉरंटी किती वर्षांची आहे आणि बिघडलं तर कार्ड कुठं न्यायचं, इथं की पुण्याला, हेही पैसे देण्याआधी विचारा. ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडताना मोबाइलवर एका दमात व्हिडिओ काढा, आधी चिकटपट्टी, मग सीरियल नंबर, मग कार्ड.